कानाचं मशीन शिट्टी का मारतं?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. दोन्ही कानांना डिजिटल मशीन आहे. नातीने गळ्यात हात टाकले की मशीनमधून बारीक शिट्टी येते. टोपी घालताना, जेवताना, उशीवर डोकं टेकताना तेच. गंमत म्हणजे ही शिट्टी घरात सगळ्यांना ऐकू येते, त्यांना मात्र येत नाही. मशीन जिथून घेतलं त्यांनी एकदा ती बंद करून दिली, पण तेव्हापासून भाजीवाल्याचे 'साठ' वडिलांना 'आठ' ऐकू येतात. डिजिटल मशीनला शिट्टी यावीच का? – एक वाचक, सातारा

उत्तर : खरी मेख तुमच्या साठ-आठमध्ये आहे. शिट्टी थांबवणं अवघड नाही. आवाज कमी केला की ती थांबते. ऐकण्यातलं काही न गमावता ती थांबवणं मात्र फार अवघड, आणि श्रवणयंत्रं बनवणाऱ्यांची सगळी धडपड त्यासाठी चाललेली असते.

आधी ती येते कुठून ते पाहू. गणपतीच्या मांडवात कोणी माइक हातात घेऊन स्पीकरसमोर आलं की 'कूंऽऽ' होतं आणि सगळे कानावर हात ठेवतात. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये. सोरेन अबसालोन लार्सन (१८७१–१९५७) या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून याला 'लार्सन परिणाम' म्हणतात. तुमच्या वडिलांच्या मशीनमध्ये घडतं ते हेच. मांडवात माइक आणि स्पीकर यांच्यात निदान चार-सहा फूट तरी असतात. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या पाळीवर आणि आवाज बाहेर पडण्याची जागा कानाच्या नळीत, म्हणजे मध्ये जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. शिट्टी सतत वाजत नाही, हेच नवल म्हणायचं.

थोडा हिशोब मांडू. समजा, मशीन एखाद्या आवाजाचा दाब १०० पट करतं. डेसिबलच्या भाषेत ही ४० डेसिबलची वाढ झाली. मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा कानात बसणारा तुकडा, नीट बसला आहे आणि या मोठ्या केलेल्या आवाजाचा फक्त २००वा भाग फटीतून गळून माइकपर्यंत परत येतो. म्हणजे एक फेरी पूर्ण होईपर्यंत आवाज निम्मा झाला, दुसऱ्या फेरीत पाव झाला आणि विरून गेला. आता मोल्ड जरा सैल झाला आणि २००वा नाही, तर ८०वा भाग परत येऊ लागला. फेरीअखेर आवाज सव्वापट. डिजिटल मशीनला एका फेरीसाठी सुमारे ६ मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर सेकंदाच्या दहाव्या भागात सोळा फेऱ्या होतात आणि सव्वापटीच्या चक्रवाढीने आवाज पस्तीस पट होतो. पुढे मशीनची ताकद संपते म्हणून वाढ थांबते, पण शिट्टी त्या कमाल पातळीवर चालूच राहते.

अशी फेरी कधी शांत राहते आणि कधी बेफाम होते, याचं गणित अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडलं. आपल्यापुरतं त्याचं सार शिट्टी वाजण्याच्या दोन अटींत सांगता येईल. फेरी पुरी करून आलेला आवाज मूळ आवाजाहून लहान नसावा, आणि परत आलेली लहर मूळ लहरीशी जुळून यावी, चढावर चढ आणि उतारावर उतार. दुसरी अट ऐकून वाटेल, की इतका योग कुठे जुळायला! पण फेरीला ६ मिलिसेकंद लागत असतील तर दर १६५ हर्ट्झच्या आसपास एक तरी स्वर या अटीत बसतो. १००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात असे चोवीसेक उमेदवार तयारच असतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी पहिली अट पुरी झाली रे झाली की शिट्टी वाजलीच.

नातीचा हात, टोपी, उशी हे सगळे आवाज परतवणारे पृष्ठभाग. एरवी फटीतून निसटून हवेत पसरणारा आवाज त्यांच्यावर आपटून माइककडे वळतो. फोनचा रिसीव्हर कानाजवळ आणला की गळती १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. जेवताना जबडा हलतो, त्याबरोबर कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि मोल्डभोवती क्षणभर फट पडते.

वडिलांना शिट्टी ऐकू का येत नाही, तेही यातच आलं. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीचे, म्हणजे बारीक आवाज. म्हणून मशीनला सगळ्यात जास्त जोर २००० हर्ट्झच्या वर लावावा लागतो. गळतीही तिथेच जास्त आणि शिट्टीही तिथलीच. जो पट्टा त्यांच्या कानाने सोडून दिला आहे, त्याच पट्ट्यात ती वाजते.

आणि साठ-आठ? 'स'चा सगळा सळसळाट बहुतेक ४००० हर्ट्झच्या वर असतो, तर 'आठ'मधला 'आ' त्याच्या कितीतरी खाली. शिट्टी घालवायला कोणी वरच्या पट्ट्यातला आवाज उतरवून टाकला, की 'स' पुसला जातो आणि साठचे आठ उरतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. मशीन गप्प झालं, पण ज्या कामासाठी ते घेतलं होतं तेच काढून घेऊन.

प्रश्न : मग 'डिजिटल फीडबॅक कॅन्सलेशन' म्हणून जाहिरातीत जे सांगतात, ते काय असतं? तिथेही आवाजच कमी करतात का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. तिथे वजाबाकी करतात, आणि ती फार हुशारीची असते.

सुटं तेल देताना दुकानदार आधी रिकाम्या बरणीचा धडा करतो, म्हणजे बरणीचं वजन तेलाच्या हिशोबात येत नाही. मशीनमधली चिप हेच करू पाहते. मी आत्ता कानात जो आवाज सोडला त्यातला किती, कसा आणि किती वेळाने माइकवर परत येईल याचा ती अंदाज बांधते आणि माइकने पकडलेल्या आवाजातून तेवढा भाग वजा करते. अंदाज बरोबर असेल तर उरतो तो बाहेरून आलेला खरा आवाज. तो हवा तितका मोठा करा, फेरी सुरूच होत नाही.

अडचण एवढीच, की इथे बरणी दर क्षणाला बदलते. माणूस हसला, जांभई दिली, फोन कानाला लावला की गळतीचं गणित नवं. म्हणून अंदाज एकदा बांधून भागत नाही, तो सतत सुधारत राहावा लागतो. वजाबाकी करून उरलेल्या आवाजात मशीनने सोडलेल्या आवाजाची छटा अजून दिसते का, ते चिप पाहते. दिसली तर अंदाज त्या दिशेने किंचित सरकवते. पुन्हा पाहते, पुन्हा सरकवते. सेकंदाला हजारो वेळा.

थोडं थोडं सरकत शिकण्याची ही रीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये मांडली. तेव्हा कानाचं मशीन त्यांच्या डोक्यातही नव्हतं. हॉफ पुढे इंटेलमध्ये गेले आणि १९७१ मध्ये बाजारात आलेल्या ४००४ या पहिल्या व्यावसायिक मायक्रोप्रोसेसरची मूळ कल्पना त्यांचीच. म्हणजे आज कानामागे बसलेल्या गणितात एकाच माणसाचा दोन बाजूंनी वाटा आहे. तरी ती रीत श्रवणयंत्रात सर्रास दिसायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली. एवढी आकडेमोड करणारी आणि बटणाएवढ्या सेलवर दिवसेंदिवस चालणारी चिप आधी बनायला हवी होती. बाजारात खरोखर टिकलेली पहिली पूर्ण डिजिटल श्रवणयंत्रं १९९६ मध्ये आली, वायडेक्सचं सेन्सो आणि ओटिकॉनचं डिजिफोकस. दोन्ही कंपन्या लार्सन यांच्याच डेन्मार्कमधल्या.

त्याआधीची मशीनं काय करत? आवाज सरसकट कमी करत, किंवा शिट्टी ज्या स्वराची आहे तेवढाच पट्टा कापून काढत. कापलेल्या पट्ट्याबरोबर बोलण्याचा तेवढा तुकडाही जाई आणि शिट्टी कित्येकदा शेजारच्या स्वरावर जाऊन बसे. आधी सांगितलेले चोवीस उमेदवार आठवा.

वजाबाकीमुळे आता शिट्टी न येता साधारण १० ते १५ डेसिबल जास्त आवाज देता येतो, म्हणजे दाबाच्या हिशोबाने तीन ते साडेपाच पट. या मोकळिकीचा सर्वांत मोठा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला. पूर्वी शिट्टीच्या भीतीने कान मोल्डने गच्च बंद करावा लागे. मग स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, पापड चावला तरी कडाकड ऐकू येतं आणि लोक मशीन काढून कपाटात ठेवतात. मोल्डला हवेचं भोक पाडलं तर घुमणं कमी होतं, पण त्याच भोकातून आवाज गळतो. वजाबाकी आली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ज्यांचं खालच्या पट्टीचं ऐकणं शाबूत आहे, त्यांना कान जवळजवळ उघडा ठेवणारे मऊ रबरी डोम वापरता येऊ लागले.

मात्र ही मोकळीक अमर्याद नाही. ज्यांचं ऐकणं फारच कमी झालं आहे त्यांना जास्त ताकद लागते, आणि तिथे उघडा डोम घालून सगळा भार चिपवर टाकला तर ती हरते. अशांना आजही नीट बसणारा मोल्डच लागतो.

प्रश्न : मी बासरी आणि गायन ऐकणारी. नवं मशीन बोलण्यासाठी उत्तम आहे. पण बासरीवर लांब षड्ज लागला की तो थरथरतो, कधी स्वर संपल्यावर मागे एक चिवचिव उरते. मशीन बिघडलं आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बिघडलेलं नाही. ते बासरीलाच शिट्टी समजतं आहे.

वर सांगितलं, की चिप आपल्याच आवाजाची छटा माइकच्या आवाजात शोधते. बोलण्यात ती शोधणं सोपं असतं, कारण बोलणं सतत बदलतं. काही मिलिसेकंदांपूर्वी मशीनने सोडलेला आवाज आणि आत्ता माइकवर आलेला आवाज यांचं फारसं साम्य नसतं. जे साम्य दिसेल ती गळती. पण लांब, स्थिर स्वरात आधीची लहर आणि आत्ताची लहर हुबेहूब सारख्या. मग चिपची समजूत होते, की ही सगळी गळतीच आहे, आणि ती खऱ्या स्वराचीच वजाबाकी करू लागते. स्वर खाली-वर होतो, थरथरतो. स्वर थांबला तरी चिपचा चुकलेला अंदाज जाग्यावर यायला क्षणभर लागतो, तेवढा वेळ तिने तयार केलेली उलटी लहर एकटीच वाजते. तुमची चिवचिव ती. मायक्रोवेव्हची टीटी, देवळातली घंटा, तारसप्तकात ठेहराव घेतलेला आवाज, सगळ्यांच्या बाबतीत हे होऊ शकतं.

यावर एक जुना उपाय आहे. मानफ्रेड श्रोडर यांनी १९६४ मध्ये सभागृहातल्या लाउडस्पीकरसाठी तो मांडला. बाहेर जाणारा प्रत्येक स्वर काही हर्ट्झने सरकवून सोडायचा. मग दर फेरीला स्वर थोडा पुढे जातो, एकाच जागी साचत नाही आणि शिट्टी धरत नाही. श्रवणयंत्रात याचा दुसरा फायदा असा, की आपला सोडलेला आवाज बाहेरच्या आवाजापेक्षा किंचित वेगळा असल्यामुळे चिपला तो ओळखू येतो.

पण कानसेनांसाठी हा उपाय महागात पडू शकतो. ४४० हर्ट्झचा स्वर ४५० झाला तर तो चक्क चढा लागतो. ३००० चा ३०१० झाला तर सहसा कळत नाही, म्हणून सरकवणं बहुतेक वेळा वरच्या पट्ट्यापुरतं ठेवतात. तरीही कान उघडा ठेवणारा डोम असेल तर बाहेरचा मूळ स्वर आणि मशीनने सरकवलेला स्वर कानात एकत्र येतात. दोन्हींत १० हर्ट्झचं अंतर असेल तर सेकंदाला दहा हेलकावे ऐकू येतात. तानपुऱ्याची जोडी जुळवताना तार किंचित उतरली की जे हेलकावे येतात, तेच.

मार्ग आहे. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून घ्या. त्यात वजाबाकी अगदी सावकाश चालते किंवा बंद ठेवतात आणि स्वर सरकवणंही बंद असतं. पण मग शिट्टी अडवण्याचं काम मोल्डलाच करावं लागेल. म्हणून उघड्या डोमऐवजी नीट बसणारा मोल्ड करून घेतलात तरच या प्रोग्रॅमचा उपयोग. जाताना बासरीचं एखादं रेकॉर्डिंग बरोबर न्या आणि तिथेच ऐकून पाहा. 'एक, दोन, तीन, चार' म्हणून घेतलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडणार नाही.

प्रश्न : माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीला दोन्ही कानांना मशीनं आहेत. ती सारखी शिट्टी मारतात, म्हणून आवाज थोडा उतरवून ठेवते. चालेल ना? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, हे मात्र करू नका. मोठ्या माणसाचा 'स' बुडाला तरी त्याला भाषा येत असते, तो संदर्भाने ओळखतो. बाळ भाषा पहिल्यांदाच ऐकतं आहे. त्याच्यापर्यंत जे पोहोचलं नाही ते त्याच्यासाठी भाषेतच नाही.

या वयात शिट्टीचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. बाळाचा कान वाढतो, मोल्ड वाढत नाही. पहिल्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याच्याही आधी नवा मोल्ड लागतो. त्याचं माप घेताना दोरा बांधलेला छोटा स्पंज कानात सारतात, म्हणजे मसाला आत पडद्यापर्यंत जात नाही. मग पिचकारीने सिलिकॉनचा मऊ लगदा भरतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो आणि कानाच्या प्रत्येक वळणासह अख्खा ठसा बाहेर येतो. मुलांसाठी मोल्ड मऊ सिलिकॉनचाच करून घ्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करा. नवा मोल्ड येईपर्यंत आवाज किती ठेवायचा, तेही ऑडिओलॉजिस्टलाच ठरवू द्या.

प्रश्न : दरवेळी दुरुस्तीला धावायच्या आधी घरी काय पाहता येईल? – दोन-तीन वाचक

उत्तर : बरंच काही. मशीन चालू करून मुठीत बंद केलं आणि शिट्टी वाजली तर घाबरू नका, ते चालू असल्याची खूण आहे. घरोघरी सेल तपासायची हीच पद्धत. मशीन कानात घातल्यावर शिट्टी येत असेल तर कारण शोधायचं.

आधी मोल्ड नीट फिरवून पुरता आत बसला आहे का ते पाहा. वरचं टोक कानाच्या घडीबाहेर राहिलं, एवढंही कारण पुरतं. मग मळ. नळीत मळ साठला की आवाज पडद्यापर्यंत न जाता त्यावर आपटून मागे फिरतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. पिन, काडी, कापसाची बोंडं त्याला आणखी आत ढकलतात.

तरीही शिट्टी असेल तर कानामागच्या मशीनसाठी ही बोटाची परीक्षा करा. मशीन कानातून काढा, चालूच ठेवा आणि मोल्डचं आवाजाचं भोक बोटाने घट्ट दाबा. मोल्डला हवेचं भोक असेल तर तेही दाबा. शिट्टी थांबली तर मशीन आणि नळी ठीक आहे, दोष मोल्ड आणि कान यांच्यामधल्या फटीचा. थांबली नाही तर मोल्ड नळीसकट काढा आणि मशीनच्या वाकड्या हुकाचं तोंड दाबा. आता थांबली तर प्लॅस्टिकची नळी चिरली आहे किंवा ढिली झाली आहे. ही नळी काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते आणि थोड्या पैशांत बदलून मिळते. हुक दाबूनही शिट्टी चालूच असेल तर आवाज मशीनच्या आतल्या आत गळतो आहे. तेव्हाच ते दुरुस्तीला द्या. आजारपणात वजन उतरलं की मोल्ड सैल होतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि दुरुस्तीहून मशीन परत आलं की 'शिट्टी गेली का' एवढंच विचारून उठू नका. ती घालवली कशी ते विचारा. मोल्ड बदलला, मशीन कानात घालून गळतीची चाचणी पुन्हा घेतली, की वरच्या पट्ट्यातला आवाज उतरवला? उतरवला असेल तर किती डेसिबल, ते संगणकाच्या पडद्यावर दाखवायला सांगा. मशीन लावून समोरच्याला तोंड झाकून साठ-आठ, सात-हात, शाल-साल म्हणायला लावा. साताऱ्याच्या वाचकांनी वडिलांना घेऊन हे जरूर करावं. साठ हे साठच ऐकू आले आणि नातीने मिठी मारली तरी शिट्टी आली नाही, तर काम चोख झालं. दोन्हींपैकी एकच जमलं असेल तर मशीन तिथेच ठेवून, पुन्हा बसवून द्या म्हणून सांगा.